सैल सुटलेला पट्टा

भूतदया ही मोठी सोपी गोष्ट आहे, असें परवांपर्यंत मला वाटे.

हिंवाळ्याच्या सुटींत मुलीच्या फिरत्या मोटार-घरांतून मी न्यू मेक्सिकोंतील 'बोस्के देल अपाचे' अभयारण्यांत गेलों होतों. सोबत तिचा कुत्रा मोत्या होता. १९३९ सालीं स्थापन झालेल्या या अभयारण्यांत १९४१ सालीं अवघे १७ सँडहिल क्रौंच उतरले होते. आज रिओ ग्रांदेच्या कांठीं ते हजारोंनीं येतात.

कुत्रा बांधूनच न्यावा, असा तिथला नियम. पण स्वातंत्र्यावर पंचवीस वर्षें व्याख्यानें देणाऱ्या मला त्या मुक्या जिवाची कींव आली. मुलीची पाठ वळतांच मीं पट्टा सोडला. मोत्या पाण्याकडे धांवला आणि पहांटेच्या तळ्यावरचे सारे क्रौंच एकदम आकाशांत उठले.

"काय दृश्य आहे!" मी उद्गारलों.

"बाबा," मुलगी खिन्नपणें म्हणाली, "रात्रभर थंड पाण्यांत उभे होते ते. भ्यालेल्या उड्डाणांत त्यांची शक्ति व्यर्थ जाते."

वाल्मीकींच्या व्याधाच्या हातीं बाण तरी होता. माझ्या हातीं नुसती दया होती. मुकाट्यानें मीं मोत्याला पट्टा अडकवला आणि त्याचें दुसरें टोक स्वतःच्या मनगटाला बांधलें.