कुंडीतलं पाणी कुंडीतच

पाणी घालायला माणूस शोधत बसायचंच नाही, पाणी कुंडीबाहेर जाऊच द्यायचं नाही! इतकी साधी गोष्ट आजवर मला कुणी सांगितली कशी नाही?

डब्लिनमधल्या आम्हा मराठी घरांना दर उन्हाळ्यात हाच घोर. जुलै-ऑगस्टमध्ये प्राथमिक शाळा बंद, म्हणजे भारतात जायचं ते तेव्हाच, आणि सगळ्यांनीच. जिच्याकडे किल्ली द्यावी ती मैत्रीणही पुण्याला निघालेली. बाहेर आयर्लंडचा पाऊस कितीही पडो, खिडकीतल्या कुंडीला त्याचा काय उपयोग? जूनच्या अखेरीस इथे जवळपास १७ तास उजेड असतो, आणि मुळांनी ओढलेलं बहुतेक सगळं पाणी पानांवाटे उडून जातं.

म्हणून पीस लिलीला भरपूर पाणी घातलं, निथळू दिलं, पिवळी पानं काढली आणि चार काड्या खोचून वरून मोठी पारदर्शक पिशवी चढवली. सकाळी बघते तर पिशवी आतून थेंबांनी भरलेली! थेंब एकमेकांत मिसळत होते, जड होऊन ओघळत होते आणि पुन्हा मातीत उतरत होते. मी चहा विसरून तिथेच उभी. पानांनी सोडलेलं पाणी परत मुळांकडे!

मग वाचत सुटले. लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ साली पतंगाचा एक कोष ओलसर मातीसह काचेच्या बाटलीत बंद केला. त्यांना बघायचा होता पतंग, पण त्या मातीत उगवला नेचा आणि थोडं गवत, आणि वरून पाणी न घालता ते वर्षानुवर्षं जगले. १८३३ मध्ये त्यांनी अशाच काचेच्या पेट्यांतून रोपं जहाजाने थेट सिडनीला धाडली आणि ती सुखरूप पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधला चहा भारतात आणला तो याच पेट्यांमधून. महिनोन्‌महिने समुद्रावर, खारं वारं, आणि आत मात्र तेच पाणी फिरतंय! आपली दीड महिन्याची सुट्टी ती काय?

आणि यात आयर्लंडही आहे! केरी परगण्यातला किलार्नी नेचा. त्याचं पान शिरा सोडल्या तर एका पेशीइतकंच जाड, त्यामुळे कोरड्या हवेत तो टिकणारच नाही. वॉर्डच्या पेटीत तो दिवाणखान्यातही जगू लागला आणि हौशी लोकांनी तो इतका ओरबाडला की दुर्मिळ झाला. आज त्याला कायद्याचं संरक्षण आहे. पण तो असा ओरबाडला गेला याचं मला फार वाईट वाटतं.

तुळस आणि कढीपत्ता मात्र पिशवीत घालू नका. त्यांना ऊन हवं, आणि उन्हातली बंद पिशवी झाड शिजवते. त्यांच्यासाठी नाडी! हो, पायजम्याची जाड सुती नाडी. आधी ती पूर्ण भिजवायची, एक टोक मुळांजवळ खोल पुरायचं, दुसरं बादलीच्या तळाशी सोडायचं. समईच्या वातीतून तेल चढतं तसं पाणी चढतं. बादली स्टुलावर अशी ठेवा की पाण्याची पातळी मातीच्या जरा खाली राहील. वर गेली तर कुंडीत पाणीच पाणी होतं, फार खाली गेली तर पाणी चढता चढत नाही. बादलीवर झाकण हवंच, नाहीतर बरंच पाणी हवेतच जायचं. कुंडीला बोट लावलं की माती ओली लागते, आणि हे कुणी हात न लावता चाललेलं असतं!

कोरफडीला यातलं काहीच करू नका, तिचं पाणी तिच्या पानांत आहे. बाकीच्यांची तालीम मात्र निघायच्या आठवडाभर आधी घ्या. कुठली नाडी किती ओढते ते घरात असतानाच कळेल, आणि पिशवीतले थेंब बघायलाही मिळतील. ते चुकवू नका!