अक्षरे तीच, अर्थ निराळा

इंग्रजी भाषेत शब्दांचा एक जुना खेळ आहे. एखाद्या शब्दाची अक्षरे सुटी करायची आणि त्यांचीच नवी मांडणी करून दुसरा शब्द, कधी अख्खे वाक्य तयार करायचे. नियम एकच : मूळ अक्षरांपैकी एकही गाळायचे नाही आणि बाहेरचे एकही आत घ्यायचे नाही. इंग्रजीत याला ॲनाग्रॅम म्हणतात. आपण सोयीसाठी अक्षरपालट म्हणू. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले आज इंग्रजी माध्यमात शिकतात, सुटीत स्क्रॅबलचा पट मांडून बसतात. त्यामुळे हा खेळ आता आपल्या घरांतही परका राहिलेला नाही. वरवर पोरखेळ वाटला तरी मोठ्यांनी थांबून विचार करावा, असे त्यात काही आहे.

'लिसन' म्हणजे ऐकणे. एल, आय, एस, टी, ई आणि एन ही त्याची सहा अक्षरे. सहा वेगवेगळ्या अक्षरांच्या एकूण ७२० मांडण्या होतात. त्यांतल्या बहुतेक सगळ्या निरर्थक. सार्थ अशा जेमतेम बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली एक 'सायलेंट', म्हणजे शांत. दुसरी 'एन्लिस्ट', म्हणजे सैन्यात भरती होणे. तिसरी 'टिन्सल', म्हणजे नाताळच्या झाडाला आपण गुंडाळतो ती चमकी. 'इलेव्हन प्लस टू' या शब्दांची अक्षरे पालटली की 'ट्वेल्व्ह प्लस वन' तयार होते. अकरा अधिक दोन आणि बारा अधिक एक, दोन्हींची बेरीज तेरा. आणि गंमत अशी की दोन्हीकडे अक्षरेही तेराच! धर्मग्रामस्थांना इंग्रजीत 'पॅरिशनर्स' म्हणतात. त्यातूनच 'आय हायर पार्सन्स', म्हणजे 'पाळकांना मी कामावर ठेवतो', असे वाक्य निघते. आमच्या वाचकांनी ते फारसे मनावर घेऊ नये, ही विनंती.

मराठीत हा खेळ जरा निराळा चालतो, कारण आपला स्वर व्यंजनाला बिलगून राहतो. म्हणून आपण अख्खे अक्षर उचलतो. 'नमन' पालटले की 'मनन' होते. 'वाचा' पालटली की 'चावा' होतो. 'साक्षरा' उलटा वाचला तर 'राक्षसा' होतो, 'सरस' मात्र उलटूनही सरसच राहतो, हे सुभाषितकाराचे निरीक्षण आपल्या परिचयाचे आहेच. इंग्रजीतही 'वर्ड्स' या शब्दातील शेवटचे एस आरंभी आणले की 'सोर्ड', म्हणजे तलवार, हाती येते. वाचेचा चावा आणि शब्दांची तलवार! दोन दूरच्या भाषांनी आपापल्या अक्षरांतून एकच इशारा द्यावा, हा योगायोग मोठा बोलका आहे.

परंतु योगायोगाला पुरावा मानू लागलो की घोटाळा सुरू होतो. १६१० साली गॅलिलिओने दुर्बिणीतून शनी पाहिला. तो त्याला एकाच्या जागी तीन गोलांचा दिसला. शोधाचा मान आपल्याकडे राहावा, पण खात्री होईपर्यंत तो कोणास कळू नये, म्हणून त्याने आपले लॅटिन वाक्य विस्कटून ३७ अक्षरांची एक निरर्थक ओळ प्रागला धाडली. त्या काळच्या शास्त्रज्ञांची ती रीतच होती. प्रागमध्ये होता केप्लर. पृथ्वीला एक चंद्र, गुरूला गॅलिलिओनेच शोधलेले चार. तेव्हा मधल्या मंगळाला दोन असावेत, ही त्याची मनोमन अपेक्षा. त्याने ती ३७ अक्षरे जुळविली आणि त्यांतून मंगळाच्या जुळ्या साथीदारांना वंदन करणारी ओळ काढली! त्यासाठी लॅटिनमध्ये नीट न बसणारा एक शब्द त्याला घ्यावा लागला, पण अक्षरे मात्र तंतोतंत जुळली.

पुढे गॅलिलिओने खरे वाक्य उघड केले आणि ते शनीविषयी निघाले. त्याचीही गंमत अशी, की शनी तीन गोलांचा नव्हताच. ती त्याची कडी आहे, हे हॉयगन्सने १६५९ मध्ये स्पष्ट केले. मंगळाला खरोखर दोन चंद्र आहेत, हे १८७७ साली आसफ हॉल यांना आढळले. परंतु ते दुर्बिणीतून पाहून, अक्षरे जुळवून नव्हे. केप्लरसारख्या थोर बुद्धीच्या माणसालाही अक्षरांत तेच दिसले, जे त्याच्या मनात आधीपासून होते.

इंग्लंडातील लेडी एलिनॉर डेव्हिस यांची कथा अधिक करुण आहे. १६२५ साली आपल्याला दानिएल संदेष्ट्याची वाणी ऐकू आली, अशी त्यांची श्रद्धा झाली. माहेरचे नाव 'एलिनॉर ऑडली'. त्यातील अक्षरे पालटून त्यांनी 'रिव्हील, ओ डॅनियल', म्हणजे 'हे दानिएला, प्रकट कर', असे वाक्य काढले आणि ते आपल्या कार्याचे प्रमाण मानले. १६३३ मध्ये त्यांना धार्मिक न्यायालयापुढे उभे करण्यात आले. तेथील एका न्यायाधीशाने, असे सांगतात, लेखणी घेऊन त्यांच्या सासरच्या नावाची अक्षरे पालटली : 'डेम एलिनॉर डेव्हिस'चे झाले 'नेव्हर सो मॅड अ लेडी', इतकी वेडी बाई कधी झाली नाही! न्यायालय हसले. बाईंना तीन हजार पौंड दंड आणि तुरुंगवास झाला. त्या काळी इंग्रजीचे शुद्धलेखन पक्के नव्हते. बाईंनी नावाचे स्पेलिंग सोयीने घेतले होते. न्यायाधीशालाही 'सो' या शब्दात एक जादा ई घुसवावे लागले. एकाच स्त्रीच्या नावात तिला संदेष्टा दिसला आणि तिच्या विरोधकांना वेड दिसले. या दोहोंनी सिद्ध काहीच झाले नाही. शिक्षा मात्र खरी होती.

ही गोष्ट फार दूरची नाही. धर्मगुरूच्या कचेरीत दुरावलेली पती-पत्नी येतात, वाटणीवरून बोलेनासे झालेले भाऊ येतात. दोन्ही बाजू ऐकताना आम्हांस पुनःपुन्हा जाणवते, की प्रसंग दोघांचेही तेच असतात, मांडणी निराळी असते. तो रागावून बोलला म्हणून ती माहेरी गेली, की ती माहेरी गेली म्हणून तो रागावून बोलला? क्रम बदलला की अपराधी बदलतो. 'मॅरिटल' म्हणजे वैवाहिक. त्यातील आय आणि टी यांनी जागा बदलल्या की 'मार्शल', म्हणजे युद्धाचे. 'युनायटेड' म्हणजे एक झालेले. तीच दोन अक्षरे जागा बदलतात आणि 'अनटाइड', म्हणजे गाठ सुटलेले, होते.

गावगप्पांचे तंत्रही हेच. शेजारीण बोलली तेच शब्द पुढे जातात, पण मागचा शब्द पुढे येतो, एखादा गळतो, एखादा पदरचा पडतो. चौथ्या घरी पोहोचेपर्यंत वाचेचा चावा झालेला असतो. येथे त्या खेळाचा नियम आठवावा : एकही अक्षर गाळायचे नाही, एकही बाहेरून आणायचे नाही. दुसऱ्याविषयी बोलताना आपण एवढा एक नियम पाळला, तर आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी तक्रारी वाटेतच मिटतील. आणि नियम पाळूनही जो अर्थ निघेल तो एकमेव आहे, असे मानण्याची घाई नको. कारण 'इव्हँजेलिस्ट', म्हणजे शुभवर्तमानाचा प्रचारक, या शब्दातून 'इव्हिल्स एजंट', म्हणजे दुष्टाचा हस्तक, हेही नियमाला धरूनच निघते!

लॅटिनमधील एक अक्षरपालट युरोपातील विद्वानांना पूर्वापार प्रिय आहे. पिलाताने प्रभू येशूला सत्याविषयी प्रश्न केला. त्या लॅटिन प्रश्नाची चौदा अक्षरे पालटली की 'तुझ्यासमोर उभा असलेला हा मनुष्य' असे उत्तर मिळते. लॅटिन हे भाषांतर असल्यामुळे याला पुरावा कोणी म्हणणार नाही. सुंदर योगायोग म्हणून तो जपावा. मात्र योहानकृत शुभवर्तमान सांगते, की प्रश्न विचारून पिलात उत्तराची वाट न पाहता बाहेर निघून गेला. त्याच्यापाशी वेळ नव्हता. 'लिसन' आणि 'सायलेंट' यांची अक्षरे एकच आहेत, हे मुलांना शिकविताना आपणही घरात, विशेषतः भांडणाच्या वेळी, दुसऱ्याचे बोलणे पुरते होईपर्यंत थांबावे. त्याची सगळी अक्षरे आधी कानांवर पडू द्यावीत. जुळवाजुळव मग करता येते.