अण्णांची पेटी

सासूबाई गेल्या आणि विजयदुर्गचं घर बंद करायची वेळ आली. आवराआवर माझ्याकडे होती. पडवीत एक पत्र्याची पेटी सापडली. आत बोथट छिन्न्या, एक लाकडी हातोडा आणि माशाच्या तेलाचा असा वास, की डोकं उठावं. मी ती भंगारवाल्याला देऊन टाकली. अण्णांना विचारलंसुद्धा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही त्यांना नोएडाला घेऊन आलो.

अण्णांनी चाळीस वर्षं वाघोटन खाडीच्या काठावर होड्या आणि मचवे दुरुस्त केले. जवळच्या गिर्ये गावात मराठा आरमाराची जुनी गोदी आहे. तिच्याबद्दल ते असं बोलायचे, जणू ती त्यांच्या आजोबांनीच बांधली! पण आमच्या सातव्या मजल्यावर त्यांचं बोलणंच आटलं. दिवसभर गॅलरीत बसायचे. जेवायला बोलावलं की यायचे, ताट घासायला ठेवून पुन्हा गॅलरीत.

जानेवारीत ह्यांनी टूम काढली, अण्णांना यमुनेवर नेऊ. यमुना बाजारच्या घाटावर हिवाळ्यात परदेशी कुरव पक्षी येतात, लोक नावेतून त्यांना शेव टाकतात. मुलं पक्षी बघत होती. अण्णा मात्र वाकून नावेच्या तळाकडे बघत होते. फळ्यांमधून पाणी झिरपत होतं आणि नावाडी मधूनमधून डब्यानं ते उपसत होता. परतताना अण्णांनी विचारलं, "सूनबाई, माझी पेटी खंय ठेवलंस?"

मी खरं ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मे महिन्यात नावाड्यानं नाव काठावर ओढून उपडी घातल्याचं कळलं आणि अण्णा मेट्रोनं निघाले. मीही सोबत गेले. नावाड्याचं चिंध्या आणि डांबराचं काम चालू होतं. थोडा वेळ बघून अण्णांनी त्याच्या हातातून छिन्नी घेतली. मोडक्यातोडक्या हिंदीत दोघांचं जे काही चाललं, त्यातून मला पहिल्यांदाच कळलं, की माझे सासरे आयुष्यभर करत काय होते.

दोन फळ्यांच्या फटीत आधी सुताचा पीळ बसवायचा. छिन्नी बोथट असते, कारण सूत कापायचं नसतं, दाबायचं असतं. वरून लुकण भरायचं. कोकणात राळ आणि तेलाचं, इथं डांबराचं. लाकूड पाणी प्यालं की फुगतं आणि फट आवळते. पीळ फार गच्च ठोकला, तर फुगलेल्या फळीला जागा उरत नाही, खिळे ढिले होतात. सैल ठेवला तर पाणी आत येतं. मचव्याच्या डेकचं काम त्याहून नाजूक. तळ सदा भिजलेला, पण डेक उन्हात सुकतं, पावसात फुगतं. तिथं लुकण फळीच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवायचं, नाहीतर फळ्या फुगल्या की ते वर येतं आणि पायाला चिकटून निघून जातं. अण्णा छिन्नीवर घाव घालायचे आणि कान देऊन ऐकायचे. पीळ नीट बसला की आवाज बदलतो म्हणे. मला काही फरक कळला नाही.

चिंध्या संपल्या. मी दुसऱ्या दिवशी माझी एक जुनी साडी घेऊन गेले. अण्णांनी पदर दोन बोटांत चुरगाळला. "ह्यां सुती न्हय." नायलॉन पाण्यानं फुगत नाही, ते फटीत घालून काय उपयोग? मी ती साडी सात वर्षं सुती म्हणून नेसत होते!

मग जुलै २०२३ चा पूर आला. १३ तारखेला जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ चा विक्रम मोडला. घाट बुडाला, काठावरची माणसं रस्त्याकडेच्या तंबूंत गेली. अण्णा टीव्हीसमोरून हलेनात. नावाड्याचा फोन लागत नव्हता. चार दिवसांनी त्याचाच आला. माणसं सुखरूप होती. नावेतून त्यानं शेजाऱ्यांची पोरं, शेळ्या, एक शिवणयंत्र बाहेर काढलं होतं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पानी अंदर आया?"

थोडंसं आलं होतं, पुढच्या टोकाला. "ते मी केलेलं नाही," अण्णा मला म्हणाले.

त्या आठवड्यात मी सोसायटीच्या सुताराकडून शिसवी हातोडा करून घेतला. दांडा आखूड झालाय, असं अण्णांनी लगेच सांगितलं. तरी दर रविवारी ते त्याला तेल चोळतात. दिल्लीच्या कोरड्या हवेत लाकूड तडकतं म्हणून. माशाचं तेल इथं मिळत नाही, मोहरीचं चालतं. त्याचाही वास घरभर होतो. ह्यांनी परवा खिडकी उघडायला सांगितली, तर मी म्हटलं, राहू दे, बाहेर धूळ आहे.