शिकारीचे बूट

‘अॅना कारेनिना’ वाचणाऱ्यांपैकी कितीजणांना त्यातले बूट आठवत असतील, ठाऊक नाही. मला मात्र ते अॅनाच्या आगगाडीइतकेच आठवतात. सहाव्या भागात लेव्हिन, त्याचा साडू ऑब्लॉन्स्की आणि वेस्लॉव्स्की नावाचा एक उत्साही पाहुणा असे तिघे दलदलीत पाणलाव्यांच्या शिकारीला निघतात. पाहुण्याच्या पायांत अर्ध्या मांडीपर्यंत येणारे कोरे बूट, अंगावर कातड्याचा वास येणारा नवा काडतूसपट्टा. ऑब्लॉन्स्कीची विजार फाटकी, डोक्यावर टोपीचे केवळ अवशेष. बंदूक मात्र अव्वल. खऱ्या शिकाऱ्याची ऐट ती हीच, असे पाहुण्याला तेव्हा उमगते आणि पुढच्या खेपेला आपणही असेच यायचे, असे तो ठरवून टाकतो. टॉलस्टॉयची नजर इथे निर्दय आहे. कोरे बूट हास्यास्पद ठरवून तो थांबत नाही. फाटकेपणासुद्धा एक पोशाखच असू शकतो, हे तो जाता जाता दाखवून देतो.

एरवी शिकारकथांमध्ये पायांना फारशी जागा नसते. बंदुकीचे बोअर, वाऱ्याची दिशा, मचाणाची उंची, जखमी जनावराच्या रक्ताचा रंग, सगळे तपशिलाने येते. कॉर्बेट मधूनच आपल्या पातळ रबरी तळाच्या बुटांचा उल्लेख करतो, तो वाचून बरे वाटते. वाघाच्या मागावर असलेल्या या माणसालाही खाली पाय आहेत!

आमच्या घरात शिकारीचे बूट होते. सावंतवाडीकडच्या आमच्या घराच्या माळ्यावर, भाताच्या कणगीमागे, गोणपाटात गुंडाळलेले. आजोबांनी ते बेळगावच्या एका चांभाराकडून पायांचे माप देऊन शिवून घेतले होते. घोट्याच्या वर चार बोटे येणारे जाड कातडे, तळाला गोल डोक्याचे लोखंडी खिळे, टाचेला नाल. भात पोटरीला आले की सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानातून डुकरे उतरत आणि आजोबा ठासणीची बंदूक घेऊन निघत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बंदूक भिंतीवर, बूट माळ्यावर गेले. त्यांचा एक फोटो मात्र ओटीवर राहिला. पडलेल्या डुकरावर आजोबांचा बूट, आणि मागे हाका करणारे अकराजण ओळीने उभे. लहानपणी मी त्यात फक्त डुकराचे सुळे पाहत असे. मागच्या अकरा माणसांच्या बावीस पायांत काहीही नाही, हे चाळिशी उलटल्यावर दिसले. त्याच काट्याकुट्यांतून, त्याच चिखलातून ते रान उठवीत पुढे गेले होते. आजोबा बहुधा एका जागी बसले होते.

मी बंदूक धरलेली नाही. माझी शिकार बेडकांची, तीही कॅमेऱ्याने. दर पावसाळ्यात पुण्याहून आंबोलीला जातो आणि रात्री विजेरी घेऊन सड्यावर हिंडतो. तिथे एक चिमुकला भेक आहे, त्याला शास्त्रीय नाव मिळाले ते २००९ साली. तो जगात इतरत्र आढळत नाही. पहिल्या पावसात त्याचे नर जांभ्याच्या खडकावर बसून साद घालतात. माझ्याबरोबर वाट दाखवायला जो येतो त्याला मी दादा म्हणतो. फोटोतल्या डावीकडून तिसऱ्या माणसाचा तो नातू. त्याच्या पायांत बाजारात मिळणारे साधे प्लॅस्टिकचे बूट, बिनमोज्यांचे.

काही वर्षांपूर्वी मी पुण्यात एक भारी जोड घेतला. परदेशी बनावटीचा, जाड कातड्याचा, आत जलरोधक पडदा, आणि तळ इतका कणखर की दुकानदार म्हणाला, ‘साहेब, तुम्ही झिजाल, हा झिजणार नाही.’ किंमत सांगत नाही. दादाने विचारली तेव्हा मी ती निम्मी करून सांगितली होती, हे मात्र कबूल करायला हवे.

त्या रात्री पाऊस थांबून थांबून पडत होता. जांभ्याचा सडा दिसायला खरखरीत, पण पाऊस सुरू होऊन पंधरवडा लोटला की त्यावर शेवाळाचा झिलईसारखा थर चढतो. ओहोळाच्या काठी उतरताना माझा उजवा पाय गेला. घसरलो असे म्हणणेही कमी होईल; पाय खाली उरलाच नाही. दादा खालच्या बाजूला होता. त्याने मला अडवण्यासाठी हात पुढे केला आणि आम्ही दोघेही दगडांत गेलो. मला खरचटले. त्याचे डावे मनगट मोडले. लावणीचे दिवस होते.

सावंतवाडीला डॉक्टरांकडे प्लास्टर घालून घेताना तो माझ्या बुटांकडे पाहत होता. शेवटी म्हणाला, ‘भाऊनू, बूट बरे असत. पन पायाक दगड कळाक व्हयो.’

मग मी, अपराधी माणूस करतो तसे, वाचायला बसलो. बुटांच्या तळाचा इतिहास अपघातांतून घडलेला आहे. १९३५ साली आल्प्सच्या इटालियन भागात विताले ब्रामानी नावाच्या गिर्यारोहकाच्या तुकडीतले सहाजण मरण पावले. त्या काळी पायथ्यापर्यंत आजोबांच्या बुटांसारखे खिळ्यांचे जड बूट वापरीत आणि कातळ चढण्यासाठी ते काढून पातळ तळाचे हलके जोडे घालीत. वर वादळाने गाठले, थंडीत ते हलके जोडे निरुपयोगी ठरले. दोन्ही कामे करील असा खाचांचा रबरी तळ ब्रामानीने १९३७ मध्ये आणला. आज जगभर ओळखला जाणारा ‘व्हिब्रम’ हा त्याच्याच नावाचा संक्षेप आहे.

पण खाचा चिखलासाठी. खोल आणि लांब लांब खाचा असल्या की चिखल धरला जातो, आणि पाऊल उचलताच सुटतोही. ओल्या दगडावर कामाला येतो तो रबराचा मऊपणा. मऊ रबर दगडाच्या बारीक उंचवट्यांत शिरते, त्यांना चिकटून बसते. कडक रबर त्या उंचवट्यांच्या टोकांवर तरंगते आणि मध्ये पाण्याचा, शेवाळाचा पापुद्रा राहतो. आता गंमत अशी, की कडक रबर वर्षानुवर्षे टिकते आणि मऊ रबर दोन-तीन पावसांत झिजते. म्हणजे ‘टिकाऊ’ या ज्या शब्दावर भुलून मी पैसे मोजले, त्याच टिकाऊपणाने दादाचा हात मोडला होता.

जलरोधक पडद्याचेही तसेच. बाहेरची हवा कोरडी असेल तर आतली वाफ त्यातून बाहेर पडते. आंबोलीच्या आषाढात हवा आणि पाणी यांत फरक तो काय उरतो? शिवाय गुडघाभर ओहोळातून गेले की पाणी वरून बुटात शिरते, आणि जो पडदा त्याला आत येऊ देणार नव्हता तोच आता बाहेर जाऊ देत नाही. दोन्ही पायांत एकेक विहीर घेऊन चालायचे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांना दिलेल्या जंगल बुटांना म्हणूनच कापडी वरची बाजू आणि तळाजवळ पाणी निघून जायला छिद्रे होती. पाय भिजणारच, हे एकदा मान्य केले की प्रश्न सोपा होतो: पाणी गेले पाहिजे आणि पाय सोलवटता कामा नये.

माझा तो जोड मी कपाटात ठेवून दिला. पुढे एकदा सहज पायांत घातला, तर दहा पावलांत तळ सुटून हातात आला. वरचे कातडे नव्यासारखे. तळाच्या आतला पॉलियुरेथेनचा थर मात्र दमट हवेत आपोआप कुजून त्याचा भुगा झाला होता. असे बूट न वापरता ठेवले तरी मरतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. आजोबांचे बूट मी त्यानंतर माळ्यावरून काढून पाहिले. खिळे गंजले आहेत. शिवण शाबूत आहे.

दादाचे प्लास्टर निघाल्यावर दोघे मिळून बूट घ्यायला सावंतवाडीच्या बाजारात गेलो. दोन्ही जोडांचे पैसे मी देणार, हे मी मनात ठरवले होते. दुकानात गेलो ते संध्याकाळी. दिवसभराच्या चालीने पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हाचे माप खरे. जाड मोजे मी बरोबर नेले होते. ते घालून पाय पुढे सरकवायचा, आणि टाचेमागे एक बोट शिरले पाहिजे, नाहीतर उतरणीवर अंगठ्याचे नख काळे पडते. टाच मात्र उचलता कामा नये. बुटाची जीभ दोन्ही कडांना शिवलेली हवी, म्हणजे खडे आणि जळवा आत येत नाहीत. हे सगळे मी दुकानदाराला सांगत होतो. दादा तोवर गप्प बसून एकेका तळात अंगठ्याचे नख रोवून पाहत होता. मग बूट दोन्ही हातांनी पिळून पाहिला, नाकाशी नेला, आणि शेवटी खालच्या फळीवरचे कॅनव्हासचे ‘हंटर’ उचलले. पोलीस आणि एनसीसीची पोरे घालतात ते; सह्याद्रीत भटकणाऱ्या जुन्या मंडळींना सांगायला नको. रबर मऊ, वजन हलके, चुलीजवळ न ठेवताही एका रात्रीत बऱ्यापैकी सुकतात. नाव वाचून मला हसू आले. इतक्या वर्षांनी हाकाऱ्याच्या घरात शिकाऱ्याचे बूट!

मी पाकीट काढले. त्याने माझा हात बाजूला केला.

‘हात तुमच्यापायी मोडलो, म्हणान बूटय तुमचेच?’

त्याने आपले पैसे मोजून दिले. माझ्या जोडाचे मी दिले. दुकानदार दोघांना वेगवेगळी पावती करून देईपर्यंत आम्ही काही बोललो नाही.

त्याच्या बुटांना आता तिसरा पाऊस लागला आहे. तळाची नक्षी जवळजवळ पुसली गेली आहे, पुढचा एक टाका त्याने स्वतःच सुतळीने घातला आहे. परवा फोन आला होता. नागपंचमीच्या आधी नवा जोड घ्यायला बाजारात जाणार आहे, येताय का म्हणून विचारत होता.