आईचा व्यवसाय

दरवर्षी जून महिन्यात प्रवेश-अर्ज तपासताना आमची नजर एका रकान्यावर अडते : आईचा व्यवसाय. बहुतेक अर्जांत तेथे ‘गृहिणी’ एवढेच असते. चार दशकांपूर्वी आमच्या अर्जात आम्हीही तेच लिहिले होते. वास्तविक माझगावच्या दहा बाय बाराच्या खोलीत आमची आई गोदी कामगारांची खाणावळ चालवीत असे. रोजचे वीस डबे, महिन्याची उधारी, वाण्याचा हिशेब सारे तिच्याकडे. आमची फी त्यातूनच भरली गेली. वडिलांपुढे आम्ही अभिमानाने ‘गोदी कामगार’ लिहिले. ‘खाणावळवाली’ लिहिताना मात्र हात कचरला.

व्याकरणाच्या तासाला आपण ‘लिंग बदला’ शिकवितो : पाटील–पाटलीण, मास्तर–मास्तरीण. यांतून बहुधा नवऱ्याचे पद बाईला चिकटते. तिचे काम दिसत नाही. अपवाद आमच्या माझगावातच आहे. भाऊच्या धक्क्यावर पहाटेच्या लिलावात बोली लावणारी, भाव ठरविणारी कोळीण कोणाची पत्नी, हे कोणी विचारीत नाही. व्यवहार तिच्या हाती, म्हणून शब्दही तिचा.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खाणावळवाल्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. नाव आदराचे मिळाले, हे खरे. पण सावकाराच्या दारातून त्यांना सोडविले ते त्यांच्या स्वतःच्या नावे मंजूर झालेल्या कर्जाने. हिंदू कोड बिलात मुलीच्या वारसाहक्काचा आग्रह धरताना बाबासाहेबांनी हेच जाणले होते. नुसत्या सन्मानाने स्त्री स्वतंत्र होत नाही. मालमत्ताही तिच्या नावावर असावी लागते.

कमानी ट्यूब्स हा डबघाईला आलेला कारखाना सावरणाऱ्या, २०१३ साली पद्मश्री लाभलेल्या कल्पना सरोज यांना आज सारे सहज ‘उद्योजिका’ म्हणतात. डबे देणाऱ्या, पापड लाटणाऱ्या आपल्या आयांना आपण तसे म्हणत नाही. मग त्यांच्या मुलींना स्वतःचा धंदा काढण्याचे सुचावे तरी कसे?

पालकहो, माजी विद्यार्थीहो, यापुढे तो रकाना खरा भरा. आमच्या आईच्या हयातीत आम्हांस ते धैर्य झाले नाही. म्हणून या स्मरणिकेत लिहितो. आईचा व्यवसाय : खाणावळ चालविणे.

जय भीम.