कुंभातले दुधाचे दात

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला साडेतीन हजार वर्षांपूर्वी जव पिकवणारी माणसं राहत. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे केलेल्या उत्खननात हे गाव उजेडात आलं. तिथे मूल दगावलं की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. म्हणून आम्हा दात वाचणाऱ्यांना इनामगावचं नाव काढलं की आधी ही लेकरंच आठवतात.

बाळाची हाडं कागदासारखी पातळ असतात, पटकन विरतात. दात मात्र टिकतात. शिवाय हाड आयुष्यभर झिजतं आणि नव्याने घडतं, एनॅमल एकदाच घडतं. ते घडत असताना उपासमार झाली, मोठा ताप आला, तर तिथे खाच किंवा खळगा राहतो. दिवा बाजूने तिरका धरून दात हळूहळू फिरवला की तो सावलीत उमटतो. इनामगावच्या दुधाच्या सुळ्यांवरच्या अशा खळग्यांवर जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी १९९८ मध्ये निबंध लिहिला. हवामान आणि उपजीविका बदलली त्याचा माग त्यांनी या चिमुकल्या दातांत काढला.

मला ओढ आहे ती जन्मरेषेची. दुधाच्या दातांचं एनॅमल आईच्या पोटातच घडू लागतं. जन्माच्या धक्क्याने त्यात एक ठळक रेषा उमटते. रेषेच्या आतलं एनॅमल गरोदरपणातलं, बाहेरचं मुलाच्या स्वतःच्या दिवसांचं. एनॅमल पुरं घडण्याआधीच मूल दगावलं असेल, तर पुढे रोजची बारीक रेघ मोजत गेलं की ते मूल किती दिवस जगलं हेही सांगता येतं. जिचं नावगाव कधीच कळणार नाही, अशा आईच्या गरोदरपणाची एवढी जवळची नोंद मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

पटाशीच्या दाताची मागची बाजू फावड्यासारखी खोलगट आहे का, दाढेला जादा उंचवटा आहे का, यावरून पूर्वजांचाही अंदाज बांधतात. पण तो समूहाचा. एका दातावरून कुणाचा वंश ठरवू नये, याबाबत मी हट्टी आहे. मोठ्या माणसांच्या दातांवरचं कीटण पूर्वी खरवडून टाकत. आता ते आम्ही जपतो, कारण त्यात खाल्लेल्या धान्याचे पिष्टकण अडकलेले सापडतात.

जन्मरेषा पाहायची तर दात कापावा लागतो. डावा-उजवा दोन्ही असतील तरच मी त्यातला एक कापते, तोही आधी फोटो काढून आणि साचा घेऊन. जोडीदार दात डबीत तसाच राहतो, पुढे माझ्याहून चांगली पद्धत घेऊन येणाऱ्यांसाठी. एकच दात असेल तर भिंग आणि तिरका उजेड, एवढ्यावरच मी थांबते.