बाकामागचा माणूस

अमेरिकेत, मॅडिसनमधला पहिला हिवाळा मी खिडकीतून बघून काढला. पुढच्या वर्षी लेकीने स्केट्स मागितले आणि तिच्या मागे मागे मीही लाबान अरीनात जाऊन बसायला लागले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या महिला आइस हॉकी संघासाठी २०१२ साली बांधलेलं हे बर्फाचं मैदान, जेमतेम २,२७३ प्रेक्षकांचं. आत गारठा असा की स्वेटरवर कोट घालूनही वर शाल लागते. शाल घेणारी तिथे मी एकटीच.

सुरुवातीला नजर पकच्या, म्हणजे त्या चपट्या रबरी चकतीच्या, मागे धावायची आणि तो काही सापडायचा नाही. मग मी तो नाद सोडला आणि खेळाडूंच्या बाकाकडे बघू लागले. खरी गंमत तिथे होती. पाऊणएक मिनिट जीव तोडून खेळलं की मुली परत यायच्या आणि दुसऱ्या कठड्यावरून बर्फात उड्या टाकायच्या. खेळ मात्र चालूच. या सगळ्या धांदलीच्या मागे एक माणूस शांत उभा असायचा. मी कोल्हापूरची, तालमीतल्या वस्तादाची एक हाळी आली की अख्खी माती हादरायची, हे लहानपणापासून ऐकत आलेले. हा वस्ताद हाळीच देत नव्हता.

‘‘तो कोण आहे माहितेय ना?’’ शेजारच्या आजीबाईंनी विचारलं. मला माहीत नव्हतं. मग मध्यंतरभर मला मार्क जॉन्सन ऐकावा लागला. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पोरांनी बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं, त्यातले दोन गोल याचे. पहिला तर पहिलं सत्र संपायला एक सेकंद उरला असताना. वडील बॉब जॉन्सन याच विद्यापीठाच्या पुरुष संघाचे कोच, तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे. मुलगाही पुढे त्या संघाचा सहायक कोच झाला. २००२ मध्ये तिथलं मुख्य पद रिकामं झालं, ते दुसऱ्याला मिळालं आणि जॉन्सनकडे महिला संघ आला.

पायरी म्हणून घेतलेली नोकरी असती तर दोन-चार वर्षांत तो निघून गेला असता. तो राहिला. २००६ मध्ये पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं, २०२३ पर्यंत सात झाली. मधे २०१० च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाला रौप्य मिळालं, तेव्हाही कोच हाच. पण आकड्यांपेक्षा मला या कामाचा स्वभाव विलक्षण वाटतो. कॉलेजचा संघ कधी पुरा होतच नाही. अठराव्या वर्षी आलेली मुलगी नीट तयार होते तोवर पदवी घेऊन निघते. मग पुन्हा शाळकरी मुलींचे सामने बघत हिंडायचं, त्यांच्या आईबापांशी बोलायचं. आणि कितीतरी वर्षं या मुलींना पुढे वाट तरी कुठे होती? आताची व्यावसायिक लीग सुरू झाली ती २०२४ च्या जानेवारीत. त्याआधी राष्ट्रीय संघात गेल्या त्या गेल्या. हिलरी नाइट, मेगन डगन इथूनच गेल्या. बाकीच्या बहुतेकींसाठी कॉलेज हाच कळस.

याच पेशाची दुसरी गोष्टही सांगायला हवी. मिनेसोटा-डुलुथ विद्यापीठाच्या शॅनन मिलर यांनी २००१ पासूनची पहिली तिन्ही राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली, पुढे आणखी दोन. २०१४ च्या डिसेंबरमध्ये त्यांना सांगण्यात आलं की करार वाढवणार नाही. कारण दिलं पैशांचं. त्या कोर्टात गेल्या. २०१८ मध्ये ज्युरीने लिंगभेद झाल्याचं मान्य करून ३७ लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितलं. मुलींच्या कॉलेज हॉकीत सर्वांत यशस्वी ठरलेला कोच पुरुष आहे, याचा विचार करताना मला मिलर आठवतात. जॉन्सनचं कर्तृत्व त्याने कमी होत नाही. पण टिकून राहण्याची मुभा सगळ्यांना सारखी मिळत नाही, हेही दिसतं.

२३ मार्च २०२५ चा अंतिम सामना मिनीअॅपोलिसला होता. लेकीच्या हट्टापायी चार तास गाडी हाणत गेलो. ओहायो स्टेटविरुद्ध आम्ही २-३ ने मागे, घड्याळात १८.९ सेकंद. गोलपुढे झोंबाझोंबी झाली, शिट्टी वाजली आणि जॉन्सनने रिव्ह्यू मागितला. आमच्या रांगेत कुणालाच काही कळेना. गोलसमोरच्या निळ्या पट्ट्यात प्रतिस्पर्धी खेळाडूने पक हाताखाली दाबला होता! पेनल्टी शॉट मिळाला. कर्स्टन सिम्स एकटी गोलरक्षकावर चालून गेली, बरोबरी केली आणि जादा वेळेत विजयी गोलही तिनेच मारला. आठवं विजेतेपद.

परतीच्या वाटेवर लेक सिम्सच्या चालीबद्दल बोलत राहिली. मी मात्र म्हणत होते, एवढ्या गर्दीत त्याला हात दिसला कसा?

‘‘आई, त्यालाच दिसला असेल कशावरून? बाकावर बाकीचे पण असतात की.’’

‘‘असतील. पण त्यांचं ऐकायचं की नाही, हे कोण ठरवतं?’’

‘‘तोच,’’ ती म्हणाली, आणि चिप्सचं पाकीट मागू लागली.